डब्यांच्या हिशेबाचे ॲप दोन दिवसांत : काय होईल, कशाला महिना लागेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : दादरला आईंचा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे, परळ, प्रभादेवी आणि वरळीच्या कार्यालयांत मिळून सत्तर-ऐंशी महिनेवारी डबे जातात, सगळा हिशेब वहीत आहे आणि महिनाअखेरीला खाडे किती झाले यावरून गिऱ्हाइकांशी वाद होतात. तुम्हाला प्रोग्रॅमिंग येत नाही. एआयची कोडिंग साधने वापरून शनिवार-रविवारात एखादे साधे ॲप तयार होईल का, आणि होणार असेल तर कोणते साधन घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

ॲप होईल, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत चालताना दिसेलही. गिऱ्हाइकांची यादी, आज डबा आहे की खाडा याची नोंद आणि महिन्याचे बिल, एवढे काम आजची साधने काही तासांत उभे करतात. इतकी वर्षे हाताने कोड लिहिल्यानंतर मला हा वेग आजही विलक्षण वाटतो. परंतु ज्या बिलावर आई पैसे मागणार आहेत ते बिल रुपयापर्यंत बरोबर आहे, अशी खात्री दोन दिवसांत मिळत नाही. त्यासाठी वहीशी ताडून पाहिलेला एक पूर्ण महिना लागतो. कोड लिहिण्याचे श्रम आता फारच कमी झाले आहेत, त्यामुळे तुमचा वेळ व्यवसायाचे नियम नेमके लिहून काढण्यात आणि आलेले उत्तर तपासण्यात गेला पाहिजे. पुढचा बहुतेक मजकूर या दोन कामांविषयीच आहे.

साधनाच्या निवडीवर फार वेळ घालवू नका. लव्हेबल, बोल्ट, रेप्लिट ही साधने ब्राउझरमध्येच चालतात आणि तयार झालेले ॲप इंटरनेटवर चढवूनही देतात, म्हणून प्रोग्रॅमिंग न येणाऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात करावी. कर्सर, क्लॉड कोड किंवा गिटहब कोपायलट यांची ताकद मोठी आहे, पण फायली, टर्मिनल (संगणकाला टाइप करून आज्ञा देण्याची खिडकी) आणि सर्व्हर (इंटरनेटवरून ॲप चालवणारा संगणक) यांची थोडी ओळख असेल तर त्यांचा उपयोग अधिक होतो. निवडताना एकच गोष्ट पाहा : तयार झालेला कोड आणि साठलेली माहिती त्या साधनाबाहेर काढून घेता आली पाहिजे. उद्या त्या कंपनीने दर वाढवले किंवा सेवा बंद केली, तर आईंचा हिशेब तिथे अडकता कामा नये.

आता नियमांकडे वळू. साधन उघडण्यापूर्वी आईंच्या शेजारी वही घेऊन बसा आणि गेल्या महिन्यातील प्रत्येक पान त्यांच्याकडून समजून घ्या. महिन्याचा दर २,५०० रुपये आहे असे समजा. खाड्याचे पैसे वजा करताना हा दर २६ दिवसांनी भागायचा की ३० दिवसांनी? सात खाडे झाले तर पहिल्या रीतीने ६७३ रुपये वजा होतात, दुसऱ्या रीतीने ५८३. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे ९० रुपयांचा फरक पडतो. २६ नेच भागायचे ठरले, तरी एका दिवसाचे ९६ रुपये १५ पैसे होतात. आई ते ९६ धरून सातने गुणत असतील तर वजावट ६७२ होईल, आणि ॲपने शेवटी एकदाच पूर्णांक केला तर ६७३. रुपयाचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण वहीत एक आणि बिलात दुसरे दिसले की गिऱ्हाईक सगळ्याच बिलाकडे संशयाने पाहू लागते, आणि वाद मिटवण्यासाठी केलेले ॲप नवा वाद उभा करते.

असे प्रश्न साधन तुम्हाला आपण होऊन क्वचितच विचारते. ते एक उत्तर गृहीत धरते, त्यावर व्यवस्थित कोड लिहिते आणि काम झाल्याचे सांगते. म्हणून प्रश्न तुम्हीच विचारायचे आहेत. खाडा किती वाजेपर्यंत कळवला तर धरायचा, आदल्या रात्रीपर्यंत की सकाळी भाजी चिरायला घेण्यापूर्वी? उशिरा कळवलेला खाडा पूर्ण पैशांचा, अर्धा की आईंच्या मर्जीवर? तीन दिवसांपेक्षा कमी खाडे असतील तर वजावटच करायची नाही, असा काही अलिखित नियम आहे का? बारा तारखेला नवे गिऱ्हाईक आले तर त्याचे बिल कसे काढायचे? शनिवारी अर्ध्या कार्यालयांना सुट्टी असते, मग त्यांचा महिना २२ दिवसांचा धरायचा का? एखाद्याला पाहुण्यासाठी एक दिवस जादा डबा लागला तर तो कोणत्या दराने? आणि मुंबईत राहून विसरता न येणारा प्रश्न : जुलैत रेड अलर्ट आला, सकाळी दहाला कार्यालये बंद झाली आणि स्वयंपाक तयार होता, तर त्या दिवसाचे पैसे कोणाचे? पावसाने मुंबई बंद पडण्याचा दिवस दरवर्षी एखादा तरी येतोच, त्यामुळे त्या दिवशी एका बटणाने सर्वांचा खाडा लावण्याची सोय हवी, आणि तो खाडा वजा होणारा की न होणारा हेही तिथेच ठरवता आले पाहिजे.

ही उत्तरे एका कागदावर मराठीत, पूर्ण वाक्यांत लिहा आणि प्रत्येक नियमापुढे वहीतले एक खरे उदाहरण आकड्यांसह द्या, मात्र गिऱ्हाइकांची नावे बदलून. साधनांना मराठी चांगले समजते, त्यामुळे इंग्रजीत भाषांतर करण्यात अर्थ सांडू नका. तो कागद साधनाला देऊन पहिली सूचना साधारण अशी करा : "खाली माझ्या आईच्या डब्यांच्या व्यवसायाचे नियम आहेत. आत्ता कोड लिहू नकोस. आधी हे नियम तुला कसे समजले ते लिही, प्रत्येक उदाहरणाचे बिल काढून दाखव, आणि जिथे दोन अर्थ निघतात तिथे मला प्रश्न विचार." या एका सूचनेने जेवढ्या चुका वाचतात तेवढ्या नंतरच्या कोणत्याही हुशारीने वाचत नाहीत. साधनाने विचारलेल्या एखाद्या प्रश्नावर आईही क्षणभर थांबतील, कारण तो नियम त्यांनी कधी शब्दांत मांडलेला नसेल. त्यांना विचार करायला वेळ द्या. उत्तर त्यांचेच असले पाहिजे.

यानंतर पडदा कसा असावा याचा विचार. साधनाला मोकळे सोडले तर ते बहुधा हजेरीपटासारखे पान बनवील : ऐंशी नावे आणि प्रत्येकापुढे रोज लावायची खूण. सकाळी कणीक मळत असताना ऐंशी खुणा कोणी लावणार नाही. सगळ्यांचा डबा आहे असे ॲपने गृहीत धरावे आणि आईंनी फक्त खाडे व जादा डबे नोंदवावेत. दिवसाला चार-सहा नोंदींत काम संपले तरच ते रोज होईल. तसेच डबे पोहोचवणाऱ्या मुलासाठी निघणारी यादी वर्णानुक्रमे असून चालत नाही. तो आपल्या रस्त्याने जातो : आधी परळची अमुक इमारत, तिचे मजले, मग पुढची. प्रत्येक गिऱ्हाइकाला मार्गातला क्रमांक द्या आणि यादी त्या क्रमाने लावून घ्या. आईंची वही याच क्रमाने लिहिलेली असण्याची शक्यता दाट आहे; असेल तर तोच क्रम उचला.

कोड तुम्ही वाचणार नाही हे धरून चाललो, तरी चार गोष्टींचा आग्रह साधनाकडे स्पष्ट शब्दांत धरावा लागेल.

पहिली गोष्ट पैशांची. रक्कम रुपयांच्या दशांश अपूर्णांकात साठवू नकोस, रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून साठव, असे सांगा. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान, म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांच्या, पद्धतीत ठेवतो आणि ०.१ सारखी साधी संख्याही त्याला त्या पद्धतीत तंतोतंत ठेवता येत नाही. म्हणून जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि तुमच्या व्यवसायात ती सर्वांत घातक आहे. सर्व्हरचे घड्याळ सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचीच तारीख असते. जावास्क्रिप्टमध्ये तारखेचा मजकूर बनवण्याची जी रीत ही साधने सर्रास वापरतात तीही यूटीसीचीच तारीख देते, म्हणजे ॲप फोनवरच चालत असले तरी चूक टळत नाही. कार्यालयातील माणसांसाठी केलेल्या ॲपमध्ये ही चूक वर्षानुवर्षे लपून राहू शकते, कारण त्या वेळी कोणी काम करत नाही. तुमच्या आई पहाटे पाचला उठून व्हॉट्सॲपवर आलेले खाडे नोंदवतील आणि ते सगळे आदल्या दिवशी जमा होतील. सगळ्या तारखा भारतीय प्रमाणवेळेने काढ, असे साधनाला सांगा आणि त्यावर विसंबून न राहता एकदा पहाटे पाचला उठून स्वतः नोंद करून पाहा.

तिसरी गोष्ट दरवाढीची. ऑगस्टपासून दर २,५०० वरून २,७०० झाला आणि तुम्ही गिऱ्हाइकाच्या नावापुढचा आकडा बदलला, तर सरळसोट लिहिलेल्या ॲपमध्ये जून-जुलैची जुनी बिलेही नव्या दराने दिसू लागतात. दर कोणत्या तारखेपासून लागू आहे हे दरासोबत साठवले पाहिजे, आणि एकदा पाठवलेले बिल गोठवून ठेवले पाहिजे. चौथी गोष्ट, एक गिऱ्हाईक, एक तारीख आणि एक वेळचे जेवण यांची एकच नोंद असू शकते, हे बंधन डेटाबेसमध्येच, म्हणजे जिथे सगळ्या नोंदी साठतात तिथेच, घालून घ्या. जुन्या इमारतींच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात नेटवर्क रेंगाळते, बटण दाबले गेले की नाही ते कळत नाही, माणूस पुन्हा दाबतो आणि एका दिवसाचे दोन खाडे पडतात.

बिल गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवण्याबाबत थोडक्यात सांगतो. पीडीएफ बनवून घेणार असाल तर मराठी मजकूर बारकाईने पाहा, कारण पीडीएफ बनवणाऱ्या कित्येक लायब्ररींना (ॲपमध्ये वापरायच्या तयार कोडच्या संचांना) देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नाहीत आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी पडते. ब्राउझरच्या छपाईच्या सोयीतून पीडीएफ काढले की हा प्रश्न बहुतेक सुटतो. व्हॉट्सॲपसाठी साधन तुम्हाला व्यावसायिक एपीआय, म्हणजे ॲपने आपोआप संदेश पाठवण्याची जोडणी, सुचवील. तुमच्या गरजेला ती मोठी आहे, तिच्यासाठी नोंदणी, संमत मजकुराचे नमुने आणि खर्च हे सगळे मागे लागते. व्हॉट्सॲपची क्लिक टू चॅट ही साधी लिंक गिऱ्हाइकाचे संभाषण उघडते आणि बिलाचा मजकूर तयार ठेवते. आईंनी फक्त पाठवा म्हणायचे. यूपीआयचा क्यूआर कोडही रकमेसह बनवता येतो, पण पैसे आले की नाही हे पेमेंट गेटवेशिवाय (ऑनलाइन पैसे स्वीकारून ॲपला कळवणाऱ्या सेवेशिवाय) ॲपला आपोआप कळत नाही. बँकेच्या खात्यात रक्कम पाहिल्यावरच 'जमा' ही खूण हाताने करा, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून करू नका.

प्ले स्टोअरच्या वाटेला आत्ता जाऊ नका. नोंदणीचे २५ डॉलर ही अडचण नाही. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप प्रसिद्ध करण्यापूर्वी किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी करवून घ्यावी लागते. आईंच्या आणि तुमच्या फोनसाठी ब्राउझरमध्ये चालणारे ॲप पुरेसे आहे. त्याचे चिन्ह फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवता येते. फक्त माहिती ब्राउझरच्या पोटात साठवू देऊ नका. फोन बदलला किंवा कोणी जागा रिकामी करण्यासाठी ब्राउझरमधील माहिती पुसली, तर महिन्याचे खाडे त्यासोबत जातात.

माहितीच्या सुरक्षेबाबत मात्र मी कडक बोलणार आहे, कारण या साधनांनी बनवलेल्या ॲपचे सर्वांत मोठे दुखणे तिथेच आहे. अनेक ब्राउझर-साधने माहिती साठवण्यासाठी सुपाबेस ही सेवा वापरतात. तिची एक किल्ली पानाच्या कोडमध्ये उघडी असते आणि ती तशी असणे अपेक्षितच आहे. खरे संरक्षण कोणत्या वापरकर्त्याला कोणती ओळ दिसावी या नियमांत असते. ते नियम लावलेच नाहीत तर ॲप व्यवस्थित चालते, दिसतेही छान, आणि सगळा तक्ता जगाला वाचता येतो. २०२५ मध्ये लव्हेबलवर बनवलेल्या अनेक ॲपमधून लोकांची माहिती अशीच उघडी पडल्याचे समोर आले. तुमच्या तक्त्यात ऐंशी माणसांची नावे, फोन क्रमांक आणि ते दुपारी कुठे असतात हे असणार आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण कायदा नसता तरी लोकांनी विश्वासाने दिलेली ही माहिती सांभाळणे तुमच्यावर आले असते. लॉगिन न करता माहिती वाचण्याचा प्रयत्न करणारी चाचणी साधनाकडून लिहून घ्या, तिला माहिती वाचता येत नाही हे पाहा, आणि जमल्यास एखाद्या जाणकाराकडून तासभर हीच एक बाब तपासून घ्या. कमीत कमी माहिती साठवा. कोणाला मधुमेह आहे हे लिहिण्याची गरज नाही, 'गोड नको' एवढे पुरते. आणि खऱ्या गिऱ्हाइकांची यादी एआयच्या संभाषणात कधीही चिकटवू नका. बनावट नावांवर ॲप तयार करा, खरी नावे नंतर ॲपमध्येच भरा.

चालू माहिती आणि प्रयोगाची माहिती वेगळी ठेवा. जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या एआय एजंटने (स्वतःहून कामे करणाऱ्या एआयने) एका उद्योजकाचा चालू डेटाबेस, काहीही बदलू नकोस अशी स्पष्ट सूचना असताना, पुसून टाकला होता, आणि असे घडणे अस्वीकारार्ह असल्याचे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे मान्य केले. सूचना म्हणजे कुलूप नव्हे. ज्या डेटाबेसपर्यंत एजंटचा हात पोहोचतच नाही तोच सुरक्षित. दर आठवड्याला सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये उघडेल अशा फायलीत उतरवून घेण्याचे बटण करून घ्या आणि ती फाइल दुसरीकडे ठेवा.

काम करताना एका वेळी एकच गोष्ट मागा, ती चालते हे पाहा, ती आवृत्ती जतन करा आणि मगच पुढची मागा. एखादी चूक साधनाला दोन-तीन प्रयत्नांत सुटली नाही, तर दुरुस्तीवर दुरुस्ती चढवत बसू नका. मागच्या चांगल्या आवृत्तीवर या आणि तीच मागणी वेगळ्या, अधिक नेमक्या शब्दांत करा. कधीकधी साधन चूक काढण्याऐवजी चूक दाखवणारा संदेशच काढून टाकते, म्हणून "दुरुस्त झाले" या वाक्याला पुरावा मानू नका. कामाचा वेग जाणवतो यावरही भरवसा ठेवता येत नाही. मेटर या संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ अनुभवी प्रोग्रॅमरांनी स्वतःच्या परिचयाच्या मोठ्या प्रकल्पांतील २४६ कामे हाती घेतली. एआय वापरण्याची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागला, आणि तरीही एआयमुळे आपला वेळ वाचला असेच त्यांना काम संपल्यावर वाटत होते. तुमचे काम त्या प्रकारचे नाही. नवे, लहान आणि एका माणसाच्या डोक्यात मावणारे ॲप हेच या साधनांचे सर्वांत अनुकूल क्षेत्र आहे. पण मोजल्याशिवाय खात्री नाही, हे त्या प्रोग्रॅमरांना लागू होते तसे तुम्हालाही होते.

मोजण्याचे साधन तुमच्या घरात आहे : आईंची वही. रविवारी संध्याकाळी गेल्या महिन्याचे सगळे खाडे ॲपमध्ये भरा, ऐंशी बिले काढा आणि वहीतल्या ऐंशी आकड्यांशेजारी ठेवा. पहिल्या खेपेला काही बिले जुळणार नाहीत. प्रत्येक फरकाचे कारण शोधा. एकतर एखादा नियम कागदावर यायचा राहिला असेल, जसे की जुन्या गिऱ्हाइकाला दिलेली सवलत. किंवा ॲपचा कोड चुकला असेल. किंवा वहीतच बेरीज चुकलेली निघेल. नियम राहिला असेल तर तो कागदावर लिहा, साधनाला द्या आणि पुन्हा सगळी ऐंशी बिले काढा, फक्त चुकलेले एक नव्हे, कारण एका गिऱ्हाइकासाठी केलेला बदल दुसऱ्याचे बिल बिघडवू शकतो. ही तपासणी आपोआप व्हावी अशी सोयही साधनाकडून करून घेता येते : तो महिना आणि त्याची बरोबर बिले ॲपमध्ये चाचणी म्हणून कायमची ठेवा, म्हणजे पुढे कोणताही बदल केल्यावर जुने आकडे हलले तर लगेच कळेल.

त्यानंतरचा महिना वही आणि ॲप दोन्ही चालू ठेवा. आईंना दुप्पट काम पडू नये म्हणून त्या महिन्यात ॲपमधल्या नोंदी तुम्ही करा आणि बिले वहीवरूनच जाऊ द्या. महिनाअखेरीला दोन्ही जुळली, तर पुढच्या महिन्यापासून बिले ॲपवरून पाठवा. गिऱ्हाइकाच्या संदेशात फक्त एकूण रक्कम देऊ नका. खाड्यांच्या तारखा त्यात द्या, कारण वाद तारखांवरून होतात आणि तारखा समोर असल्या की बोलणे चटकन संपते.

हे ॲप चांगले चालू लागले की ओळखीच्या दुसऱ्या डबेवाल्या बाई ते मागतील, अशी माझी अटकळ आहे. तिथे थांबा. दोन व्यवसायांची माहिती एकत्र ठेवणे, एकीची गिऱ्हाइके दुसरीला न दिसणे, दोघींचे नियम वेगळे असणे आणि बिघाड झाल्यास दुसऱ्याच्या पैशांची जबाबदारी आपल्यावर येणे, हे शनिवार-रविवारचे काम राहत नाही. तेव्हा अनुभवी प्रोग्रॅमरकडे जा आणि जाताना नियमांचा कागद व तपासलेला महिना सोबत न्या. त्याने तुमचा कोड बाजूला ठेवून नव्याने लिहायचे ठरवले तरी या दोन गोष्टी त्याला जशाच्या तशा लागतील, आणि त्या तयार असल्याने तुमचा खर्चही बराच कमी होईल.